फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? प्रोसेसर नंतर, आधी स्क्रीन बघा

पेडणे : गेल्या लग्नसराईतली गोष्ट. आमच्या पेडणे तालुक्यातला एक फोटोग्राफर, माझ्या जुन्या ओळखीतला. डिचोलीतल्या एका लग्नाचा अल्बम छापून आला, तो घेऊन हा मोठ्या उत्साहाने मुलीच्या घरी गेला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि नवरीची आई म्हणाली, "आमची पोर एवढी तांबडी कधी होती रे?"

खरंच तसं झालं होतं. हळदीच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे नारिंगी. लाल शालूचा नुसता लाल गोळा झालेला, त्यातली वीण आणि जर कुठे दिसेचना. मंडपातले फोटो तर काळवंडलेले. त्याने आधी लॅबवाल्याशी भांडण काढलं. लॅबवाल्याने शांतपणे त्याचीच फाइल आपल्या मॉनिटरवर उघडून दाखवली. फाइलच तशी होती. घरी येऊन त्याने छापलेला अल्बम आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. लॅपटॉपवर सगळं एकदम झकास!

"हो लॅपटॉप माका फटयता रे," तो मला म्हणाला. हा लॅपटॉप मला फसवतोय. आणि ते अगदी खरं होतं. गेमिंगचा जाडजूड लॅपटॉप, आत दणकट ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. दुकानदाराने "एडिटिंगला बेस्ट" म्हणून दिलेला. एका हंगामाची कमाई त्यात घातलेली. अल्बम पुन्हा छापावा लागला तो स्वतःच्या खिशातून, आणि त्या घरातलं पुढचं काम गेलं ते वेगळंच.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पेडणे, डिचोली, बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी आणि चोर्ला घाटापलीकडे बेळगाव, या पट्ट्यातले फोटोग्राफर आज तीन राज्यांत काम करतात. सकाळी मांद्रेच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंग, संध्याकाळी सावंतवाडीत साखरपुडा, दुसऱ्या दिवशी साखळीत बारसं. फोटो त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर पाहिजे असतात. त्यामुळे घरातला डेस्कटॉप पुरत नाही, सोबत नेता येईल असा लॅपटॉप लागतोच. पण तो घेताना आपण विचारतो काय? "आय-फाइव्ह आहे का आय-सेव्हन? जीबी किती?" स्क्रीन कुठली, हे विचारणारं गिऱ्हाईक मी तरी अजून बघितलेलं नाही.

स्क्रीन खोटं बोलते म्हणजे काय

प्रत्येक स्क्रीनची रंग दाखवण्याची एक कुवत असते. फोटोच्या दुनियेत त्यासाठी एसआरजीबी हे माप धरतात. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते ठरवलं. बहुतेक प्रिंटिंग लॅब आजही एसआरजीबीमधलीच जेपीजी फाइल मागतात, वेबसाइटवरचे फोटोही याच मापात. म्हणजे आपल्या स्क्रीनला निदान हे माप तरी पूर्ण दाखवता आलं पाहिजे.

आता स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "४५ टक्के एनटीएससी". एनटीएससी हे अमेरिकेतल्या १९५३ सालच्या रंगीत टीव्हीचं माप. त्याच्या ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीच्या जेमतेम ६० ते ६५ टक्के. रुपयातले पस्तीस-चाळीस पैसे स्क्रीननेच खाल्ले असं समजा. "७२ टक्के एनटीएससी" लिहिलं असेल तर ते साधारण १०० टक्के एसआरजीबी धरायला हरकत नाही. आकड्यांचा हा घोळ लक्षात ठेवा, कारण ४५ आणि ७२ हे दोन्ही आकडे ऐकणाऱ्याला सारखेच निरर्थक वाटतात आणि त्यातच फसगत होते.

आमच्या मित्राचं झालं ते असं. त्याच्या स्क्रीनला शालूचा खरा लाल दाखवताच येत नव्हता. त्याला तो फिका दिसायचा. मग हा सॅच्युरेशनची पट्टी पुढे ढकलायचा, डोळ्यांना बरं वाटेपर्यंत. स्क्रीनवर ते "बरोबर" दिसायचं, पण फाइलमध्ये लाल रंग प्रमाणाबाहेर वाढलेला असायचा. लॅबच्या मशीनने तो इमानेइतबारे छापला. चेहऱ्यावर हळद, कुंकू आणि मंडपातले पिवळे दिवे हे सगळं तांबड्याकडेच झुकणारं, म्हणून पहिला मार चेहऱ्यांवर बसला.

काळवंडण्याचं कारण वेगळं. आपण एडिटिंग करतो रात्री, घरातली माणसं झोपल्यावर, दिवा बंद करून, स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून. मग फोटो उजळ वाटतो, म्हणून आपण तो थोडा खाली आणतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. छापून आल्यावर तो काळा दिसणारच. छपाईसाठी काम करताना स्क्रीनचा उजेड १०० ते १२० निट्सच्या आसपास ठेवतात, आणि खोलीत एक साधा दिवा चालू. घेताना मात्र ३०० निट्सच्या खालची स्क्रीन घेऊ नका, ४०० असेल तर उत्तम. मोरजीच्या किनाऱ्यावर दुपारी बारा वाजता गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचा झाला तर २५० निट्सच्या स्क्रीनवर फक्त आपलाच चेहरा दिसतो.

आणखी दोन चोर आहेत. एक म्हणजे रात्री स्क्रीन पिवळसर करणारी नाइट लाइटची सोय, मॅकवर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन. एडिटिंगच्या वेळी ती बंदच हवी. दुसरा जास्त लबाड. बॅटरी वाचवण्यासाठी काही लॅपटॉप आपोआप उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलतात. एएमडीच्या मशीनवर त्याचं नाव व्हॅरी-ब्राइट, इंटेलवर ते डिस्प्ले पॉवर सेव्हिंगमध्ये लपलेलं असतं. चार्जर लावून केलेला फोटो बॅटरीवर वेगळा दिसला तर डोळे तपासायला जाऊ नका, आधी ही सेटिंग तपासा.

दुकानात जाताना माटोळीचा फोटो न्या

माहितीपत्रकावर सगळा विश्वास टाकू नये. मी लोकांना एक साधा उपाय सांगतो. पेन ड्राइव्हमध्ये स्वतः काढलेले चार फोटो घ्या. पहिला, चवथीच्या माटोळीचा. सिंधुदुर्गात माटवी म्हणतात ती. पिकलेल्या सुपारीच्या शिपट्यांचा नारिंगी, आंब्याच्या टाळांचा गडद हिरवा, नारळाचा फिका हिरवा, मधूनच रानफळांचा लाल. एवढे रंग एका चौकटीत दुसरीकडे कुठे मिळणार? हलकी स्क्रीन दोन-तीन हिरवे एकच करून टाकते, सुपारी विटकरी दाखवते. दुसरा, हळदीचा, ज्यात गोरी-सावळी चार माणसं एकत्र आहेत. तिसरा, रात्रीचा. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंड पेटलेलं असतं आणि आजूबाजूला अंधारात धोंडांची गर्दी असते, तसला. चांगल्या स्क्रीनवर अंधारातले चेहरे अंधुक का होईना दिसतात, वाईट स्क्रीनवर नुसता करडा धूर. चौथा, लॅबमध्ये छापून घेतलेला एखादा फोटो, आणि त्याची छापील प्रत पिशवीत.

ही छापील प्रत सगळ्यात महत्त्वाची. दुकानदाराला विनंती करा, काउंटरवर ठेवून दोन्ही बघा. मोबाइलशी तुलना मात्र करू नका. हल्लीचे बरेच मोबाइल रंग भडक करूनच दाखवतात. दुकानातला नमुन्याचा लॅपटॉपही बऱ्याचदा भडक मोडवर ठेवलेला असतो, तो साध्या मोडवर आणायला सांगा. मग बाजूने बघा, थोडं वरून बघा. रंग बदलला तर ती टीएन जातीची स्क्रीन, तिथूनच परत फिरा. आयपीएस किंवा ओएलईडी हवी.

एक अडचण अशी की एकाच नावाच्या लॅपटॉपला कंपन्या दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन लावतात. पाटी एकच, आतली भाजी वेगळी. म्हणून नावावर न जाता खोक्यावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर उतरवून घ्या आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर शोधा. लेनोव्होची पीएसआरईएफ नावाची साइट प्रत्येक नंबराची स्क्रीन सांगते. नोटबुकचेकसारख्या साइट स्क्रीन यंत्राने मोजून आकडे देतात. यात अर्धा तास जातो, पण अल्बम पुन्हा छापण्यापेक्षा स्वस्त पडतं.

ओएलईडीबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. असूसच्या व्हिवोबुक आणि झेनबुकमध्ये ती मध्यम किमतीतही येऊ लागली आहे. काळा रंग अगदी कोळशासारखा काळा आणि एसआरजीबीच्याही पलीकडचे रंग. पण हा पलीकडचा भाग त्रासही देतो. विंडोजमधली काही साधी सॉफ्टवेअर रंगांचा हिशेब न ठेवता सगळं भडक दाखवतात. म्हणजे आधी फिक्याने फसलो, आता भडक्याने फसणार! अशा लॅपटॉपवर सेटिंगमध्ये एसआरजीबीचा मोड असतो, लॅबसाठी काम करताना तोच लावावा. शिवाय बहुतेक ओएलईडी चकचकीत असतात, खिडकी मागे असली की त्रास होतो. वर्षानुवर्षं लाइटरूमच्या त्याच पट्ट्या त्याच जागी राहिल्या तर डाग पडण्याचीही भीती असते, म्हणून टास्कबार लपवून ठेवावा आणि स्क्रीन लवकर बंद होऊ द्यावी. एवढं सांभाळलं तर माझं मत ओएलईडीच्या बाजूने आहे, विशेषतः रात्रीच्या जत्रा काढणाऱ्यांसाठी.

रंग मोजायचं यंत्र मिळतं, कॅलिब्रेटर म्हणतात त्याला. स्पायडर, कॅलिब्राइट ही त्यातली माहितीची नावं. स्क्रीनवर ठेवायचं, ते पाच-दहा मिनिटांत रंग मोजून दुरुस्तीची फाइल करतं. एकट्याने घ्यायला महाग वाटतं. पण महिन्यातून एकदाच लागणारी वस्तू आहे, तालुक्यातल्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तर काय हरकत आहे? भजनी मंडळाची पेटी आपण अशीच घेतो. फक्त एक ध्यानात ठेवा, ४५ टक्केवाल्या स्क्रीनला कॅलिब्रेटर १०० टक्के करू शकत नाही. पाच लिटरच्या कळशीत आठ लिटर पाणी मावत नाही.

रॅमचा हिशेब अल्बमच्या पानावरून

आपल्याकडे लग्नाचा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा चालतो. ३०० डीपीआयने एक पान म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल. तीन कोटी ८८ लाख ८० हजार. प्रत्येक पिक्सेलला रंगाचे तीन बाइट धरले तर पूर्ण पानाचा एक लेअर ११७ एमबीच्या आसपास जातो. त्यावर मागचं चित्र, फुलांची चौकट, पाच-सहा फोटो, सावल्या, नावांची अक्षरं. दहा मोठे लेअर झाले की एकच पान एक जीबीच्या वर गेलं. फोटोशॉप मागे जाण्यासाठी जुन्या पायऱ्याही धरून ठेवतं. अशी दोन पानं उघडी, बाजूला लाइटरूम आणि ब्राउझरमध्ये गाणी. ८ जीबीचं मशीन इथे गुडघे टेकतं.

अडोबीच लाइटरूम क्लासिकसाठी किमान ८ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगते. माझ्या मते १६ च्या खाली बघूच नका. अल्बम स्वतः डिझाइन करत असाल तर ३२ चा विचार करा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. "नंतर वाढवू" हे त्यात होत नाही. घेण्याआधी रॅमचा मोकळा स्लॉट आहे का, हे विचाराच.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतला मधल्या फळीचा कुठलाही चालतो. पण नावांच्या खेळापासून सावध राहा. एएमडीच्या सात हजारांच्या मालिकेत तिसरा अंक बघायचा. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा अंक २, म्हणजे आतली रचना २०१९ सालच्या झेन २ ची. ७६४०यू मध्ये तो ४, म्हणजे २०२२ ची झेन ४. दोन्ही "सेव्हन थाउजंड सीरिज" म्हणून एकाच फळीवर ठेवलेले असतात. नंबराच्या शेवटी यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे ताकदवान पण तापणारा आणि बॅटरी पिणारा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं का? नुसत्या फोटोंसाठी, नाही. अपवाद एकच. रात्रीच्या जत्रेत आयएसओ ६४०० वर काढलेल्या फोटोंचा दाणेदारपणा काढायला लाइटरूममध्ये एआय डिनॉइज आहे. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर ते एका फोटोला काही सेकंदांत उरकतं, साध्या मशीनवर कित्येक मिनिटं घेतं. दोनशे फोटोंना ते लावायचं असेल तर फरक जाणवेल. पण निवडक दहा-पंधरा फोटोंनाच लावणार असाल, आणि खरं तर तेवढ्यांनाच लावावं, तर त्यासाठी एक किलो जास्त वजन कशाला वाहायचं? व्हिडिओ कापणाऱ्यांचा हिशेब वेगळा, त्यांनी हे वाक्य विसरावं.

स्नॅपड्रॅगनचे नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत. मात्र आपल्याकडचे अल्बमवाले जुने प्लग-इन, कॅलिब्रेटर आणि प्रिंटरची ड्रायव्हर त्यावर चालतीलच असं नाही. आपलं सॉफ्टवेअर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वजन चार्जरसकट मोजा

शिरगावच्या जत्रेला गाडी लांब ठेवून चालत जावं लागतं. कोजागरीला पेडण्याची पुनव असली की भगवतीच्या देवळाकडे पाय ठेवायला जागा नसते. पाठीवर दोन कॅमेरे, दीड किलोच्या आसपासची ७०-२०० लेन्स, फ्लॅश, सेल, पाण्याची बाटली. त्यात गेमिंगचा लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचा आणि त्याचा विटेएवढा चार्जर अर्धा किलोच्या वर. १३-१४ इंची लॅपटॉप सव्वा ते दीड किलोत येतो, त्याचा टाइप-सी चार्जर पाव किलोच्या आसपास. पहाटे चार वाजता हा फरक खांद्याला बरोबर कळतो.

टाइप-सी चार्जिंगचा खरा फायदा वेगळाच आहे. ६५ वॉटच्या पॉवर बँकेवर लॅपटॉप चालतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. वाटेतली गळती वजा केली तरी ५० ते ६० हाती लागतात. लॅपटॉपची बॅटरी ५० ते ७० वॉट-अवरची असते, म्हणजे जवळपास एक पूर्ण भरणा. जत्रेत प्लग शोधत मंदिर कमिटीच्या विनवण्या करायला नकोत. मोपावरून विमानाने लग्नाच्या कामाला जाणाऱ्यांनी १०० वॉट-अवरची मर्यादा लक्षात ठेवावी, आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.

कार्ड रीडरकडे कुणी बघत नाही. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड सेकंदाला ९० एमबीने उतरलं तर १२ मिनिटं लागतात. जुन्या यूएसबी २ च्या रीडरवर ४० एमबीने, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं. अशी तीन-चार कार्डं असली की झोपेचा एक तास गेला. लॅपटॉपला पूर्ण आकाराचा एसडी स्लॉट नसेल, बऱ्याच पातळ मशीनना नसतो, तर चांगला यूएसबी ३ चा रीडर वेगळा घ्या.

साठवणीचा हिशेबही सोपा आहे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल सरासरी ३० एमबी. एका लग्नाचे तीन हजार फोटो म्हणजे ९० जीबी. ५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज आपल्याला ४७५ च्या आसपास दाखवतं, त्यात विंडोज, अडोबी आणि कॅशे. तीन लग्नांत ती भरते, आणि तुळशीचं लग्न झालं की तीन लग्नं तर पंधरवड्यात होतात. एक टीबी मिळाली तर उत्तम, नाहीतर बाहेरची एसएसडी. फोटो दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय कार्ड कोरं करू नका, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो, कारण ते रडणंही मी ऐकलेलं आहे.

मॅकबुक एअर घ्यावं का, हा नेहमीचा प्रश्न. स्क्रीन चांगली, रंग भरवशाचे, वजन १.२४ किलो, बॅटरी दिवसभराची. पंखाच नाही, त्यामुळे डिचोलीच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ आत ओढली जात नाही. पण पंखा नसल्यामुळे हजार फोटो एकदम एक्स्पोर्टला लावले की ते तापून मंदावतं. एसडी स्लॉट नाही. रॅम आणि साठवण नंतर वाढत नाही. एम-४ चं एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांना आलं, त्यात १६ जीबी रॅम पण साठवण फक्त २५६. ऑक्टोबर २०२४ च्या आधीचा जुना माल स्वस्तात दाखवला तर तो ८ जीबीचा नाही ना, हे आधी बघा.

बिल कुठल्या राज्याचं?

हा भाग फक्त जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी, पण सीमेवर तो फार महत्त्वाचा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. समजा सावंतवाडीचा २७ वाला फोटोग्राफर म्हापशात येऊन लॅपटॉप घेतो. ६० हजार किंमत, १८ टक्के कर १०,८००, एकूण ७०,८०० रुपये. दुकानदाराने नेहमीप्रमाणे ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के गोव्याचा एसजीएसटी लावून बिल फाडलं तर त्या १०,८०० चं क्रेडिट त्याला महाराष्ट्रात मिळत नाही. ते पैसे गेले. बिलावर आयजीएसटी लागलेला असेल आणि आपला नंबर असेल तरच मिळतं. म्हणून बिल करायच्या आधी आपला नंबर आणि पत्ता दाखवून विचारा, कर कुठला लावणार? दुकानदार नाही म्हणाला तर आपल्या राज्यातच घ्या किंवा बिझनेस खात्यावरून ऑनलाइन मागवा. म्हापशात दोन हजारांची सूट मिळवून दहा हजार सोडून येणारे कमी नाहीत. नोंदणी नसेल तर हा प्रश्नच येत नाही, जिथे स्वस्त तिथे घ्या.

आयकराचीही एक गंमत आहे. घसाऱ्याला कॉम्प्युटरचा दर ४० टक्के. पण आर्थिक वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच, म्हणजे २० टक्के. चवथीच्या ऑफरमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर त्या वर्षी पूर्ण ४० टक्के मिळतात, दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलेल्यावर २०. हे पुस्तकं ठेवणाऱ्यांसाठी. ठोक नफ्यावर कर भरणाऱ्यांना फरक पडत नाही. आपल्या सीएला विचारून घ्यावं.

आणि सर्व्हिस. "ऑनसाइट वॉरंटी" हा शब्द ऐकून खूश होऊ नका. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून आपला पिनकोड सांगा, पेडण्याचा ४०३५१२, डिचोलीचा ४०३५०४, आणि माणूस तिथवर येतो का ते विचारा. येत नसेल तर सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. ऐन लग्नसराईत मशीन पंधरा दिवस दुसऱ्या गावी पडून राहिलं तर स्वस्तातला लॅपटॉप स्वस्त राहत नाही. कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप, रिफर्बिश्ड म्हणतात ते, दणकट असतात. पण ते ऑफिसच्या कामाला बनवलेले, बऱ्याच जणांच्या स्क्रीन ४५ टक्केवाल्याच.

पैशांचं म्हणाल तर माझा सल्ला असा. हात आखडता असेल तर साधा १६ जीबीचा लॅपटॉप घ्या आणि घरी १०० टक्के एसआरजीबीचा २४ इंची आयपीएस मॉनिटर जोडा. बाहेर फोटो उतरवणं, निवडणं आणि व्हॉट्सअॅपला पाठवणं लॅपटॉपवर, शेवटचा रंग घरच्या मॉनिटरवर. थोडे जास्त असतील तर १४ इंची, १०० टक्के एसआरजीबी किंवा ओएलईडी, १६ जीबी, टाइप-सी चार्जिंग. लाखापर्यंत जाणार असाल तर एअर किंवा त्याच तोडीचं विंडोज मशीन, आणि बाहेरच्या एसएसडीसाठी पैसे बाजूला ठेवा.

आमच्या मित्राने तूर्त पहिला मार्ग धरला. गेमिंगचा लॅपटॉप विकला असता तर निम्मेही आले नसते, म्हणून त्याला मॉनिटर जोडलाय. कॅलिब्रेटर बांद्याच्या एका फोटोग्राफरकडून आणून लावला. नवा १४ इंची तो येत्या चवथीच्या ऑफरमध्ये बघणार आहे. पेन ड्राइव्ह तयार आहे. त्यात गेल्या वर्षीच्या माटोळीचा फोटो आहे आणि त्या डिचोलीच्या अल्बमचं पहिलं पानही. छापलेली तांबडी प्रत त्याने टाकून दिलेली नाही, दुकानात जाताना ती सोबत नेणार आहे.